पाच दिवसांची खुशाली

"आवं, आला काय?"

गुणमालाने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. दारातल्या खुर्चीवर बसलेल्या धरणेंद्रने हातातला फोन पुन्हा एकदा पाहिला. "न्हाई अजून," तो म्हणाला.

गुणमालाने भाकरी बुट्टीत झाकली. पाण्याचा तांब्याही उचलून आत ठेवला. दिवस मावळला होता, आता तिचं जेवण उद्यावर गेलं होतं. कालही असंच झालं होतं.

मेसेज साडेसहा वाजता आला. समुद्रातल्या होडीवरून उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारं मुठीएवढं यंत्र फक्त इंग्रजी अक्षरं घ्यायचं, म्हणून मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत येत. धरणेंद्रने मोठ्याने वाचलं, "सगळे ठीक. वारा चांगला. जेवायला बसतोय. आजोबा, इथे अजून ऊन आहे. ब्राह्मी."

"गुणाची गं बाई माजी," गुणमाला म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. तिने भिंत धरलेली धरणेंद्रला आवडली नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा पारस, सून दीपमाला आणि सात वर्षांची नात ब्राह्मी हे तिघं शिडाच्या होडीतून गोव्याहून सेशेल्सला निघाले होते. पारस जहाजावर इंजिनिअर होता. दहा वर्षं लोकांची जहाजं सांभाळून झाल्यावर त्याने स्वतःची अडतीस फुटी जुनी होडी घेतली, दोन वर्षं ती दुरुस्त केली आणि एक दिवस आईवडिलांना फोन करून सांगितलं, "आण्णा, आमी तिघं जाऊन येतो. अठरा-वीस दिवस लागतील." जणू पोरगा बायकोला घेऊन कराडला लग्नाला चालला होता. धरणेंद्र मगदूमची समुद्राशी ओळख म्हणजे गणपतीपुळ्याला गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार. आष्टा रस्त्यावरच्या दुकानात त्याने तीस वर्षं जळालेल्या पंपाच्या मोटारींना नवी तार भरली होती. पाण्याशी त्याचा संबंध एवढाच, की ते विहिरीतून वर आलं पाहिजे. 'नको' म्हणायला त्याची जीभ उचलली नाही, म्हणून तो 'जा' म्हणाला.

होडी सुटली त्या दिवशी गुणमाला बस्तीत, जैन मंदिरात, गेली, देवासमोर हात जोडले आणि नियम घेऊन आली. पोरांची त्या दिवसाची खुशाली कळल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही. दिवस मावळल्यावर न खाण्याचा नियम तर लग्नाआधीपासूनचा. धरणेंद्र हसून म्हणाला होता, "सोप्पं हाय की. पारसबी दिवस असतानाच जेवतोय. जेवायला बसला की मेसेज टाकील."

पहिले सहा-सात दिवस सोपेच गेले. मेसेज साडेपाचला यायचा, मग पावणेसहाला, मग सहाला. रोज थोडा उशीर होतोय हे धरणेंद्रच्या लक्षात आलं होतं, पण पोराच्या कामाचा ढिलेपणा म्हणून त्याने सोडून दिलं होतं. आज नातीचं वाक्य दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. होडी पश्चिमेला चालली होती. तिकडे दिवस उशिरा मावळत होता. पारस बिचारा नियमाने ऊन असतानाच जेवायला बसत होता, आणि इकडे त्याची आई उपाशी राहत होती. आणि होडी जितकी पुढे जाईल तितकं हे वाढतच जाणार होतं.

स्वतःवर चिडून त्याने लगेच लिहिलं, "उद्यापासून दुपारी तीनला मेसेज कर." आईच्या उपवासाचं लिहिलं नाही. समुद्रातल्या माणसाला आणखी काळजी कशाला?

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, चार वाजले. धरणेंद्र दुकानातून लवकर घरी आला. गुणमाला तांदूळ निवडत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. दोन दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. उठताना तिचा तोल गेला आणि सूप हातातून सुटून तांदूळ घरभर पांगले. घड्याळात पावणेसहा झाले होते.

"आला," धरणेंद्र म्हणाला.

"आला?"

"आत्ताच. सगळी बरी हायती. जेव आता."

ती ताटावर बसली. पाण्याचा पहिला घोट घेताना तिने डोळे मिटले, आणि मग विचारलं, "ब्राह्मी काय म्हणली?"

धरणेंद्रला एवढा पुढचा विचार सुचला नव्हता. "दात पडला म्हणली," तो म्हणाला. "फुडचा."

"आगं बया! समुद्रात टाकला आसंल," म्हणत गुणमाला मनापासून हसली.

रात्रीपर्यंत खरा मेसेज येईल आणि खोटं आपोआप खरं होईल, असा धरणेंद्रचा हिशेब होता. मेसेज आला नाही. होडी कुठे आहे ते दाखवणारा नकाशा पारसने त्याच्या फोनवर बसवून दिला होता. सगळा निळा आणि मधे एक लाल ठिपका. तो ठिपका रोज थोडा डावीकडे सरकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो होता तिथेच होता, दुपारीही तिथेच. धरणेंद्रने फोन बंद करून चालू केला. ठिपका हलला नाही.

त्याला भीती वाटली. साधी सरळ भीती. वार्निशचा ब्रश हातात धरून तो दुकानात उभाच राहिला. त्याच वेळी गावातला शेतकरी नाथाजी जळालेली मोटार घेऊन आला.

"काय धरणाप्पा, पोरगं कुटवर पोचलं?"

"चाललंय की झ्याक."

"धाडस लय बघा त्याचं! मला तर वारणेच्या पुराची आठवण आली तरी धडकी भरती."

धरणेंद्र हसला. नाथाजीला खरं सांगितलं असतं, तर ते संध्याकाळच्या आत गुणमालाच्या कानावर गेलं असतं. त्याने मोटार उघडली. आतली तार काळी पडून गेली होती. एरवी अर्ध्या तासात निघणारी तार काढायला त्याला तीन तास लागले.

पावणेसहाला घरी जाऊन तो म्हणाला, "आला."

त्या दिवशी ब्राह्मीने डॉल्फिन पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने दीपमालाला शिरा करायला लावला. गुणमाला हे सगळं शेजारपाजारी सांगत सुटली. तिच्या चेहऱ्यावर तेज परत आलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तिला इचारा, आजीची आठवण येती का?" आणि धरणेंद्रने फोनवर बोटं फिरवल्यासारखं केलं, जरा थांबला आणि म्हणाला, "रोज येती, म्हणतीया."

एवढं बोलून तो मागच्या मोरीत गेला. नळ सोडला आणि तोंडात पंचाचा बोळा धरला. पोरगी आहे तरी का? मेलेल्या लेकराच्या तोंडात आपण शब्द घालतोय का? गोव्याच्या बंदरातल्या ज्या ऑफिसचा नंबर पारसने दिला होता, तिथे तो दुकानातून दिवसातून चारदा फोन करत होता. तिथली मुलगी चांगली होती, म्हणायची, "काका, त्या बाजूच्या जहाजांना कळवलंय." आता तर तिलाही त्याचा आवाज ओळखू येत होता. घरी तो 'दुकानात खाल्लं' म्हणायचा, दुकानात आणलेला डबा गायीला घालायचा.

पाचव्या दिवशीही त्याने "आला" म्हटलं. काय सांगितलं ते त्याचं त्यालाही आठवलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता तो मोटारीच्या खाचांत तारेखालचा कागद बसवत असताना फोन वाजला.

त्याने लगेच उचलला नाही. हात पुसले, पुन्हा पुसले. मग वाचलं. "डोलकाठी मोडली. यंत्र भिजलं होतं. जहाज भेटलं, डिझेल दिलं. दीपाचा हात मोडलाय, बांधलाय. ब्राह्मी ठीक. इंजिनवर हळू चाललोय. अजून चार दिवस. आईला सांगू नका."

धरणेंद्र दुकानाच्या फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. जिवंत होती. तिघंही जिवंत होती.

मग त्याने शेवटची ओळ पुन्हा वाचली. ती पाळणं सोपं होतं. पाच दिवसांत त्याला सवय झाली होती. पण अजून चार दिवस बाकी होते, होडीला शीड नव्हतं, आणि एवढी भीती एकट्याने वागवायची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती. त्याने शटर ओढलं.

गुणमाला अंगणात पापड वाळत घालत होती. भरदुपारी नवरा दारात पाहून तिच्या हातातला पापड दुमडला.

"खाली बस," तो म्हणाला आणि त्याने सगळा मेसेज वाचून दाखवला. 'आईला सांगू नका' हेसुद्धा वाचलं. मग पाच दिवसांचं सांगितलं.

तिने दुमडलेला पापड पुन्हा सरळ केला.

"दात पडला न्हवता मग?"

"न्हाई."

"आन आजीची आठवण?"

"तेबी मीच रचलं."

"मी पाच दिस जेवले," ती म्हणाली. "लेकरं बुडाय लागल्याली आन मी हितं शेंगदाण्याची चटणी मागून खाल्ली."

"पाप माजं हाय, गुणमाला. तू पडली आसतीस गं."

"पडले आसते तर उचललं आसतंसा." तिचा आवाज चढला नाही, तेच त्याला जास्त लागलं. "भ्यायाचं तर दोगांनी मिळून भ्यालो आसतो. ती काय तुमच्या एकट्याची हायती?"

त्या दिवशी तिने अन्नाला हात लावला नाही. त्यानेही लावला नाही, आणि ती त्याला जेवा म्हणाली नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. पदर खोचून लाकडी खोक्यावर बसली. "इंग्रजी अक्षरं शिकवा," म्हणाली. "सातवीपतूर शाळा झालीया माजी. हितनं फुडं मी सोता वाचणार."

धरणेंद्रने खडू घेतला आणि फरशीवर एकेक अक्षर काढलं. शेजारी मराठीत लिहिलं. ती वाकून गिरवत होती, चुकलं की पदराने पुसत होती. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. तीन वाजले, सव्वातीन वाजले. दोघांपैकी कोणीही घड्याळाचं नाव काढलं नाही.

साडेतीनला फोन वाजला.

धरणेंद्रचा हात सवयीने पडद्यावर गेला आणि थांबला. त्याने न वाचताच फोन तिच्यापुढे धरला. गुणमालाने चष्मा सारखा केला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, मग फरशीवर तसंच अक्षर शोधलं. पुन्हा फोनकडे, पुन्हा फरशीकडे.

"काय हाय?" त्याने विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "वाचतीया."

तो तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला.