पोट मऊ, गाठ नाही

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात काकूंइतकं आजारी कुणीच पडलं नसेल. कधी पित्ताशयात खडे, कधी आतड्याला सूज, कधी नुसतं अपचन. दर परीक्षेला नवं दुखणं आणि संध्याकाळी ठणठणीत होऊन घरी. शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा घ्यायला केंद्राला खोटे पेशंट लागत, आणि काकू उशी पोटाशी धरून जशा कण्हत तसं खऱ्या पेशंटलाही जमत नसे. एरवी त्या विद्यापीठाच्याच ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. पोरं त्यांना पोटदुखीकाकू म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडायचं, खोटं कशाला बोला!

काका, म्हणजे त्यांचे यजमान, बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक. काकू घरात शिरल्या की पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "आज कशानं गेलीस?"

"गेले नाही, वाचले. पोरगी हुशार होती."

"पोरगी हुशार आणि माझं नशीब फुटकं," म्हणून ते चहाचं आधण ठेवायला उठायचे.

परीक्षेचा एक नियम होता. पेशंटच्या अंगाला हात लावायचा नाही. दिवसभर एकामागून एक विद्यार्थी येणार. प्रत्येकानं पोट दाबलं तर काकू खरोखरच आजारी पडायच्या. म्हणून विद्यार्थ्यानं नुसतं तोंडानं म्हणायचं, "आता मी पोट तपासतो," आणि परीक्षकानं उत्तर सांगायचं. पुढे परीक्षकांची चणचण भासू लागली तेव्हा तेही काम काकूंच्या गळ्यात पडलं. विद्यार्थी म्हणे, "आता मी पोट तपासतो." काकू छताकडे बघत म्हणत, "पोट मऊ आहे, गाठ नाही." की झाली तपासणी. पुढचा प्रश्न.

केंद्रप्रमुख सरांच्या खोलीत दोन आलेख टांगलेले असत. एकावर लिहिलेलं 'अध्ययन निष्पत्ती', दुसऱ्यावर 'रुग्ण समाधान'. दोन्ही रेघा वर्षानुवर्षं वर चढत होत्या आणि सर त्यांच्याकडे नातवंडांकडे बघावं तसे बघत. समाधानाचे गुण काकू देत. डॉक्टर प्रेमानं बोलला का, मध्येच तोडलं का, धीर दिला का. पोरं पास व्हायची की लटकायची ते बरंचसं या गुणांवर ठरे. उभी हयात पुस्तकांवर शिक्के मारण्यात गेलेल्या बाईला हे सुख थोडं नव्हतं.

एकदा एका आडदांड पोरानं नियम मोडला. विसरला की मुद्दाम, देव जाणे. बर्फासारखे गार हात थेट काकूंच्या पोटावर ठेवून त्यानं असं काही दाबलं की त्या किंचाळल्याच. त्यांनी त्याला शून्य दिलं. तो तणतणत म्हणाला, "हात लावल्याशिवाय कळणार कसं?"

सर म्हणाले, "ही परीक्षा आहे. दवाखाना नाही."

पोराला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं आणि नंतर तो दुसऱ्या गावी निघून गेला. काकूंनी त्याचं नाव रेडा ठेवलं होतं. त्याच वर्षी एक लांब वेणीवाली मुलगी आली. स्टूल ओढून जवळ बसली, डोळ्यांत बघत म्हणाली, "किती सोसताय हो काकू तुम्ही." खोट्या पोटदुखीला खरं रडू येईल असा आवाज. काकूंनी तिला पैकीच्या पैकी दिले. तीच वेणीवाली पुढे त्याच केंद्रात डॉक्टर म्हणून लागली, तेव्हा काकूंना आपलीच लेक मार्गी लागल्यासारखं वाटलं.

आणि मग काकूंचं पोट खरंच दुखू लागलं.

उजव्या बाजूला, खोल, काहीतरी अडकून बसल्यासारखं. जिना चढताना धाप लागे. कपडे कंबरेत सैल होऊ लागले. पहिल्यांदा त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. इतकी वर्षं ज्या दुखण्याचं सोंग काढलं तेच अंगात शिरलं की काय? काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ते नाटक केंद्रात करायचं. घरी नको." मग हसले. काकूही हसल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

शेवटी त्या केंद्रात गेल्या. या वेळी मागच्या बाजूच्या परीक्षेच्या खोलीत नाही, पुढच्या दारी पेशंटांच्या रांगेत, नंबर घेऊन. वेणीवालीनं त्यांना बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"काकू! आज कोणता आजार?"

"आज खराच आहे गं."

तिनं लगेच स्टूल ओढलं, जवळ बसली, हात हातात घेतला. कधीपासून दुखतंय, कुठं दुखतंय, झोप लागते का, सगळं विचारलं. एकदाही मध्ये तोडलं नाही. काकू पलंगावर आडव्या झाल्या. परीक्षेच्या खोलीतल्यासारखाच इथलाही नळ टिपटिपत होता. बाहेर रांग खोकत होती. वेणीवाली उभी राहून गोड आवाजात म्हणाली, "आता मी पोट तपासते हं काकू."

आणि काकूंनी छताकडे बघत म्हटलं, "पोट मऊ आहे, गाठ नाही."

वेणीवालीनं मान डोलावली, वळून संगणकावर तेवढंच लिहिलं आणि काकूंना उठायला हात दिला. आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, तिखट कमी करा म्हणाली, दारापर्यंत पोचवायला आली. दाराशी पेशंटनं समाधान नोंदवायचं चेहऱ्यांचं यंत्र होतं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. काकूंनी अगदी शेवटचा, सगळे दात दाखवणारा चेहरा दाबला. घरी जाताना त्यांना निम्मं बरं वाटत होतं. पोरीनं किती आपुलकीनं विचारलं! दोघींच्याही काही म्हणजे काही लक्षात आलं नव्हतं.

गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. काकू पुन्हा गेल्या तेव्हा दुसरा डॉक्टर होता. त्यानं पडद्यावर आधीची नोंद वाचली, पोट मऊ, गाठ नाही, आणि त्याच गोळ्या वाढवून दिल्या. तोही छान बोलला. केंद्रात सगळेच छान बोलत. काकूंनीच तर शिकवलं होतं. उन्हाळा असाच गेला. मग एका सकाळी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या आणि काका पहिल्यांदाच नाटक म्हणाले नाहीत.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात सोनोग्राफी झाली. यंत्र फिरवणारी बाई चकार शब्द बोलली नाही, काकूंच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. काकूंनी सवयीनं मनातल्या मनात तिला नापास केलं. ती मात्र उजव्या बाजूला थांबली, पुन्हा पुन्हा तिथंच यंत्र दाबत राहिली, आणि उठून कुणाला तरी बोलवायला गेली.

मोठे डॉक्टर वयस्कर होते, थकलेले. मोठ्या आतड्यात गाठ होती. तिची पिलावळ यकृतात पसरली होती. आता कापून काढण्यात अर्थ नव्हता. त्यांनी काकूंचा हात धरून त्यांच्याच पोटावर ठेवला. कातडीखाली ती लागली, लिंबाएवढी, टणक, घरच्यासारखी बसलेली.

"ही बाहेरून हाताला लागते," ते म्हणाले. "चार-सहा महिन्यांपूर्वीही लागली असती. तेव्हा ऑपरेशन करता आलं असतं. कुणी पोट तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं की," म्हणायला काकूंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. छताकडे बघत बोललेला, सराईत, स्वच्छ आवाज.

घरी आल्यावर काका पिसाळले होते. "त्या केंद्राला टाळं ठोकतो. त्या पोरीला कोर्टात खेचतो. तिनं लिहिलंय गाठ नाही म्हणून!"

"मी सांगितलं म्हणून लिहिलं."

"कुणी?"

"मी. ती म्हणाली पोट तपासते, आणि मी म्हटलं गाठ नाही. परीक्षेत म्हणते तसं."

काकांनी पेपर उचलला, उलटा धरला आणि त्याच्याआड रडू लागले. काकूंनी ते रडणं ऐकलं आणि त्यांना स्वतःची इतकी चीड आली की पोटातलं दुखणं क्षणभर विसरायला झालं. तोंडपाठ शिकलेली माणसं दोन, आणि दोघींत मिळून एक हात पुढे आला नाही.

वेणीवाली भेटायला आली ती डोळे सुजवूनच. काकूंचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. तेच जवळ बसणं, तोच आवाज.

"काकू, मी तपासलं होतं हो. मला आठवतंय. पोट मऊ होतं. गाठ लागली नव्हती."

"तू हात लावला नव्हतास, बाळ."

"लावला होता. तुमची शपथ घेऊन सांगते." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं.

काकूंना वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी आणि एक आपल्या. त्यांनी फक्त हात सोडवून घेतला. "मला किती सोसावं लागतंय ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "तेवढं एक सांगू नकोस."

सत्राअखेरीच्या परीक्षेला काकू येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. सर गडबडले. "काकू, तुम्ही विश्रांती घ्या. आपण दुसऱ्या कुणाला तरी घेऊ."

"माझ्याइतका तयार पेशंट तुम्हाला मिळायचा नाही," काकू म्हणाल्या. सरांनी खोली उघडून दिली. काकांनी त्यांना रिक्षातून आणलं होतं. ते बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले.

परीक्षेची तीच खोली, तोच पलंग, तोच टिपटिपणारा नळ. कोपऱ्यात, काकूंना बरं नाही म्हणून मुद्दाम बसवलेली परीक्षक, वेणीवाली, कागदावरून मान वर न करता. पहिला विद्यार्थी आला. चुणचुणीत, इस्त्रीचा कोट. त्यानं स्टूल ओढलं, जवळ बसला, डोळ्यांत बघितलं. "किती त्रास होतोय तुम्हाला, काकू." सगळं घोटलेलं, सगळं बिनचूक. मग तो उभा राहिला.

"आता मी पोट तपासतो."

काकू गप्प राहिल्या.

तो थांबला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "आता मी पोट तपासतो." हात पाठीमागे, एकमेकांत गुंफलेले. त्यानं परीक्षकाकडे बघितलं. वेणीवालीनं मान आणखीच कागदात घातली. काकू आजारी आहेत, वय झालंय, वाक्य विसरल्या असतील, असं वाटून त्यानं प्रेमानं त्यांना आठवण करून दिली.

"पोट मऊ आहे, गाठ नाही. बरोबर ना, काकू?"

काकूंनी त्याचं मनगट धरलं. पाठीमागून ओढून आणलं. अंगातलं होतं नव्हतं ते बळ एकवटून त्याची बोटं आपल्या उजव्या बाजूवर दाबून धरली. त्याचे हात गार होते. त्याच्या चेहऱ्यावरचं शिकवलेलं हसू ओघळलं; त्याला एकही वाक्य आठवेना. तो हात मागे घेऊ लागला.

"काढू नकोस," काकू म्हणाल्या. "अजून दाब. दुखू दे."