ढगूच्या कानामागे अडकलेला कंगवा

मी कंगवा बोलतोय. पोलादी. हसू नका, दात माझेही दिसतात, पण तुमच्यापेक्षा सरळ आहेत.

कारखान्यातून निघालो तो थेट कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ताईच्या टेबलावर. तिच्याकडे पूडलची मिश्र पिल्लावळ फार. बाप पूडल, आई भलतीच, आणि केस नशिबात येतील तसे! कुणाचे सरळ, त्यातून मी घसरगुंडीवरून गेल्यासारखा जायचो. कुणाचे लाटांसारखे, तिथे जरा सांभाळून. कुणाचे मात्र लोकरीसारखे कुरळे. तिथे एकेक थर बाजूला करत कातडीपर्यंत उतरावं लागतं, नाहीतर वर रेशीम आणि आत जट. माणसं वरवर ब्रश फिरवून खूश. स्वतःचं डोकंही तसंच विंचरतात म्हणा.

ढगू हा असला लोकरीवाला. त्याचे मालक शिंपीकाका. ब्रश वरवरचा, शिवाय ढगूला घरूनच अंघोळ घालून आणलेलं. झालं! जट ओली होऊन वाळली की आवळते. ताईनं मला त्याच्या डाव्या कानामागे, कातडी आणि जटेच्या मधे सरकवलं आणि मी तिथेच रुतलो. पुढे जाईना, मागे येईना.

"काका, हे सगळं मशीननं काढावं लागेल. अगदी बारीक."

"बोडका करतेस? अगं, गल्लीत तोंड दाखवायचंय त्याला!"

"तोंडाला नाही लावत मी मशीन."

ताई मशीनचं पातं बदलायला वळली मात्र, काकांनी खिशातून कात्री काढली. शिंप्याचा खिसा तो!

"एवढी गाठ तर आहे. जन्मभर हेच केलं मी," ते पुटपुटले आणि जट चिमटीत धरून कापडासारखी ताणली.

अहो काका, कापड ताणलं की सरळ होतं, जट ताणली की कातडी वर येते! मला आतून दिसत होतं. कानाची पातळ, गुलाबी कड जटेबरोबर उचलली गेली, पार कात्रीच्या तोंडात. ढगूनं श्वास रोखला. मला ओरडता येत नाही.

कात्री मिटायला लागली. खट्!

कात्रीचं पातं माझ्या दातांवर अडलं होतं.

"काका! हलू नका," ताई गर्रकन वळली. "जट सोडा... आता कात्री. हळू."

मग ताईनं माझ्यावरूनच मशीन फिरवलं. जट चटईसारखी एकसंध निघाली. खालचा कान लालबुंद, पण अख्खा. काका ती कड पुन्हा पुन्हा चाचपत राहिले.

"कापला असता गं मी."

"हो," ताई म्हणाली. ती उगाच गोड बोलणाऱ्यातली नाही. तिनं मला पुसलं आणि काकांच्या हातात दिलं. "घरी न्या. आधी कातडीपर्यंत हा फिरवायचा, अंघोळ मग."

तेव्हापासून मी काकांकडे. माझा एक दात वाकलाय, पण चालतं. सुरुवातीला काका जवळ आले की ढगू पलंगाखाली. मग काका आपले जमिनीवर बसून, दोन्ही तळवे उघडे धरून वाट बघायचे.

तुमच्या घरी असा कुणी लोकरीवाला असेल, तर बाबांनो, वरवर फसू नका. रोज थोडं आत बघा.

काल ढगूनं डावा कान आपणहून काकांच्या मांडीवर टाकला. काका इतके हळू विंचरत होते, की मलाच गुदगुल्या झाल्या.