सापडलं तसं

"हे घासायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

इस्त्रीताईचा आवाज इतका चढला, की पलीकडच्या जागेवर राख चाळणाऱ्यांचे हातही थांबले. तिच्या जळून गेलेल्या घरातून निघालेल्या वस्तू टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडल्या होत्या. दोन चमचे, शिवणयंत्राचं चाक, एकच कानातलं आणि टोकाला लोखंडी कुलूप. धुतलेलं, तेल पाजलेलं, दुकानातून आत्ताच आणल्यासारखं चकचकीत. आणि उघडं.

"आमची पद्धतच आहे ती, ताई," पथकाचे प्रमुख मऊ आवाजात म्हणाले. "जे हाती लागेल ते स्वच्छ करायचं, त्यावर प्रार्थना म्हणायची आणि मगच घरच्यांच्या हातात द्यायचं. राखेनं माखलेली वस्तू बघून माणूस आणखी खचतो."

प्रार्थनाघराचं हे सेवापथक वणव्यानंतर पाचव्या दिवशी आलं होतं. कचेरीतली माणसं फॉर्म वाटून निघून गेली, ही माणसं मात्र फावडी आणि चाळण्या घेऊन आली. सकाळपासून उन्हात गुडघ्यावर बसून दुसऱ्यांच्या घरांची राख चाळायची, डबे स्वतःचे आणायचे आणि कुणाकडून पाण्याचा पेलाही मागायचा नाही. त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळेच इस्त्रीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. वाईट माणसांना निदान शिव्या तरी घालता येतात.

इस्पितळाच्या धुलाई विभागात ती चादरींना इस्त्री करायची. बावीस वर्षं तेच काम, म्हणून नावही तेच पडलं. गेली दोन वर्षं नवऱ्याला विसर पडत चालला होता. आधी चष्मा, मग दिवस, मग घराचा रस्ता. दोनदा तो महामार्गाच्या कडेला सापडला. तेव्हापासून ती कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायची.

त्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली आणि ओळखपत्र विसरलं म्हणून परत आली. कुलूप काढलं, आत गेली. नवरा म्हणाला, "आज सुट्टी घे ना." ती म्हणाली, "रोजचंच आहे तुमचं." मग ती बाहेर आली आणि कुलूप कडीत अडकवलं. इथपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं. पण दांडी दाबली का? नुसतं अडकवलेलं कुलूप दार आतून जोरात हलवलं की गळून पडायचं आणि कडी निघायची. बस समोर दिसत होती, ती पळत सुटली होती. दुपारी वारा फिरला आणि डोंगरावरचं जंगल पेटत खाली आलं. नवरा सापडला तो दारापाशी.

"वहिनी, कुलूप लावलं होतंस का गं?" नणंदेनं एवढंच विचारलं होतं. रागानं नाही, रडत विचारलं होतं. ते इस्त्रीताईलाच माहीत नव्हतं. कुलूप सापडलं की कळेल, या एका आशेवर ती अकरा दिवस जगत होती.

"हे सापडलं तेव्हा कसं होतं?" तिनं विचारलं. "लागलेलं की उघडं?"

पथकात एक म्हातारे कुलूपवाले होते. जळून घट्ट झालेली कुलपं उघडून देणं ही त्यांची सेवा. त्यांनी आधी प्रमुखांकडे पाहिलं, मग चटकन म्हणाले, "उघडं. उघडंच होतं, ताई."

"माझ्याकडे बघून सांगा."

म्हाताऱ्यांची मान खाली गेली.

"देवाचं नाव घेऊन येता आणि माझ्यासमोर उभं राहून खोटं बोलता?"

"ताई, जे झालं ती त्याची इच्छा," प्रमुख मध्ये पडले. "आता कळून तरी काय—"

"तुम्ही गप्प बसा!" तिनं टेबलावर हात आपटला, तसे चमचे खाली पडले. "त्याची इच्छा त्याच्यापाशी. मी माझ्या हातांचं विचारतेय. माझ्या या हातांनी काय केलं, ते मला कळायला नको?"

मग कुलूपवाले तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"आठवत नाही," ते म्हणाले. "बादलीत सतरा कुलपं होती. ओळीनं घेतली, उघडली, नवी स्प्रिंग टाकली, पॉलिश केलं. चांगलं करून द्यावं, एवढंच डोक्यात होतं. कसं होतं ते मी बघितलंच नाही. चुकलो मी."

हे खरं होतं, तिला लगेच कळलं. खोट्यापेक्षा हे जास्त लागलं. तिनं कुलूप पर्समध्ये टाकलं आणि बाकीच्या वस्तू तशाच सोडून ती निघून गेली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती सकाळीच हजर झाली. प्रमुख हात जोडून पुढे आले. "या ताई. प्रार्थना सुरूच करतोय."

"करा तुम्ही. माझं त्याच्याशी भांडण आहे, आणि तुमच्याशीही मिटलेलं नाही." तिनं स्टूल ओढलं आणि ती कुलपांच्या बादलीजवळ बसली. "मी बघितल्याशिवाय यातल्या एकालाही कुणी हात लावायचा नाही."

कुलूपवाल्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या, दोरा आणि पेन तिच्यापुढे ठेवलं.

प्रार्थना चालू असताना तिनं पहिलं कुलूप उचललं. काळंठिक्कर, राखेनं भरलेलं. तिनं दांडी ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. मग कुलपाला तारेनं अडकवलेल्या बिल्ल्यावरचा घराचा नंबर चिठ्ठीवर लिहिला आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, "लागलेलं होतं."

"एवढं स्पष्ट लिहायलाच हवं का?" मागून प्रमुखांनी हळूच विचारलं.

"हो."

तिनं चिठ्ठी दांडीला बांधली, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि ते कुलूप होतं तसं, राखेसकट, पांढऱ्या कापडावर ठेवलं. बोटं पदराला पुसली. मांडीवरच्या पर्समध्ये तिचं स्वतःचं कुलूप होतं, चकचकीत, बिनचिठ्ठीचं. तिनं बादलीतलं दुसरं उचललं.