केंडाची गाभोळी

"आये, तुजी मांजरा कशी निजल्यांत बघ," राही दारातून म्हणाली आणि पुन्हा चुलीपाशी गेली.

नीराबाई उठली. १९३१ सालचा माघ होता. काशीदच्या वाळूवर भर दुपारी, बांबूंवर सुकत घातलेल्या बोंबलांखाली तीन मांजरं आडवी पडली होती. डोक्यावर बोंबील लोंबत असूनही एकानेही मान वर केली नाही. ती अगदी चेहऱ्याशी चेहरा नेईपर्यंत वाकली. डोळे टक्क उघडे. एकाचा पाय उचलून सोडला, तर तो ओल्या चिंधीसारखा खाली पडला. अंग मात्र ऊबदार होतं.



चाळीस वर्षं ती मासळी निवडत होती. जाळ्यात केंड, तो फुगणारा विषारी मासा, आला, की काढून खोल वाळूत पुरायची. केंड खाऊनच तिचा धाकटा दीर गेला होता. शेवटपर्यंत त्याला सगळं कळत होतं, पण बोट हलवता येत नव्हतं. त्यानंतर तिच्या हातून एकही केंड सुटला नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून मात्र डोळ्यांवर पडदा आला होता, आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी एका माशाच्या पोटात अंड्यांची भरगच्च गाभोळी निघाली. आतडी तिने मांजरांना टाकली. गाभोळी राहीला, पोटुशा सुनेला दिली, हौसेने.

ती धावत घरात शिरली. राही तव्यावरचा तुकडा बोटांत धरून फुंकत होती.

"टाक तो! खाल्लास काय?"

"न्हाय गो, गरम हाय. झाला काय?"

नीराबाईने तापलेला तवा तसाच हाताने उचलून चुलीत उपडा केला.

"केंडाची हाय ती."

"पन तूच निवडलीस ना?"

"मना दिसत न्हाय, राही."

 राहीने सासूचा भाजलेला हात धरून पाण्याच्या घागरीत घातला.

उन्हं उतरेपर्यंत दोन मांजरं थंड पडली. कधी गेली ते कळलंच नाही. डोळे होते तसेच उघडे. तिसऱ्याजवळ नीराबाई बसून राहिली. त्याच्या तोंडासमोरून तिने हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"राही, जरा बघ गो. डोळं हलतात काय त्याचं?"

राही पोट सावरत शेजारी टेकली. बराच वेळ तिने पाहिलं.

"हलतात, आये. तुज्याकडंच बघताय."