पाटीवरचा वाडा

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी. शेवगाव तालुक्यातल्या एका बाजारगावात, मोठ्या रस्त्याच्या वळणावर माझं आयुष्य गेलं. कल्याण पेंटरनं मला पिवळा रंग दिला आणि काळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं : महारवाडा. खाली एक बाण.

लिहायला सांगितलं होतं राधाकृष्णतात्यांनी. ते तेव्हा पंचायतीत होते. त्यांच्या दगडी घरालाही गाव वाडाच म्हणायचं, पण ते म्हणताना माणसं आवाज खाली आणत. माझ्यावरचा शब्द मात्र पोरं भांडणात एकमेकांना शिवीसारखा फेकत. बाणाच्या दिशेला राहणारी निम्मी घरं पणजोबांपासून ख्रिस्ती होती. तरी पोस्टमन, कंडक्टर, मास्तर, सगळे त्यांना माझ्यावरच्या नावानंच ओळखत.

त्या वस्तीत आमोस नावाचे गवंडी होते. एकदा बाजाराच्या दिवशी, नऊ वर्षांच्या रेबेकाचं बोट धरून ते तात्यांकडे आले. पोरींना शाळेत चिडवतात, तेवढं नाव बदला, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

तात्या पानाच्या टपरीपाशी उभे होते. म्हणाले, "आमोस, पाटी बदलून मानूस बदलतो व्हय रं?"

टपरीवरची माणसं पोट धरून हसली. रेबेका हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून बघत होती. संध्याकाळी तिनं मला दगड मारला. मला राग आला नाही. तो दगड कुणाला होता, ते मला कळत होतं.

मी तशीच उभी असताना आमोस वारले. रेबेका शिकली आणि गावच्याच शाळेत मराठीची बाई झाली. मग जातीची नावं काढायचा सरकारी आदेश आला. हार घालून तात्यांनीच 'समतानगर'च्या नव्या पाटीचं उद्घाटन केलं. भाषणात म्हणाले, ही माझी पहिल्यापासूनची इच्छा होती.

ते ऐकून रेबेकाबाईंनी मला भंगारातून उचललं, स्कूटीवर घातलं आणि सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलं. वाडा म्हणजे काय, हे त्यांनी मुलांना समजावलं. मोठं घर. गुरांचा गोठा. आणि गावानं वेगळी काढलेली माणसांची वस्ती. मग गृहपाठ दिला : ही पाटी कुणी लावली, ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून आणा.

त्या वर्गात तात्यांची नात स्नेहल होती.

दुसऱ्या दिवशी तात्या काठी टेकत आले. "बाई, ही पाटी टाकून द्या. पोरगी कालपासून माझ्याशी बोलंना."

"तिची वही कोरी आहे, तात्या," बाई म्हणाल्या. "उत्तर तुम्हालाच माहीत आहे. बसा, लिहा."

तात्या लहानशा बाकावर कसेबसे बसले. त्यांनी स्नेहलची वही पुढ्यात घेतली. मग लिहिलं. बाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं.

"पाटी मी लावली. आमोस काढायला सांगत हुता. मी त्याला हसलो."

मागच्या बाकावरच्या दोन मुली फिसकन हसल्या. एरवी बाई वर्गात कुणाला हसू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी हसू दिलं. तात्यांची मान खाली गेली. स्नेहलनं वही ओढून घेतली आणि त्यांच्याकडे न बघता दप्तरात घातली.

मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं उन्हात उभी राहून मला जे हवं होतं, ते त्या दिवशी मिळालं.

मित्रांनो, एकच मागणं आहे. माझ्यावर नवा रंग देऊ नका. मला पावसात टाकू नका. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा आणि गंज चढू देऊ नका. माझी अक्षरं गेली, तर उद्या कुणीतरी हार घालून उभा राहील आणि म्हणेल, आमच्या गावात असलं काही नव्हतंच.