मोरीचा घसा मोकळा झाला

मी मोरी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. तुम्ही भांडी घासता ती घरातली मोरी वेगळी. कर्जतहून कोंडाण्याकडे जाणारा रस्ता एका ओढ्यावरून जातो, आणि रस्त्याच्या पोटातून त्या ओढ्याला पलीकडे सोडते ती मी. पण आमचं नाव एकच पडल्यामुळे लोकांनी दोघींना एकाच पंक्तीला बसवलं. घरात जे नको ते मोरीत.

दोन दगडी भिंती, मध्ये सिमेंटचा नळा आणि वर कठडा, एवढाच माझा जीव. डोक्यावरून आधी बैलगाड्या गेल्या, मग टेंपो, आता सुट्टीच्या दिवशी फार्महाऊसवाल्यांच्या मोठाल्या गाड्या जातात. त्याची माझी तक्रार नाही. वरून कुणीही जावो, खालून पाणी जायला हवं. ते पुढे उल्हास नदीला मिळतं.

कचरा पूर्वीही यायचा, खोटं कशाला बोलू? राख, भाताचा कोंडा, पत्रावळी. पण ते कुजायचं, माशांच्या तोंडी लागायचं. पुढे शांपूच्या पुड्या आल्या, दुधाच्या पिशव्या आल्या, बाळांचे डायपर आले. सुटं पाकीट मी कसंबसं गिळते. मला गुदमरवते ती गाठ मारलेली पिशवी.

आणि गंमत बघा, ती पिशवी टाकणारी माणसं वाईट नसतात. देवाची फुलं कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून ती निर्माल्य पिशवीत भरतात, तोंडाला गच्च गाठ मारतात, माझ्या कठड्यावरून सोडतात आणि हात जोडतात. गाठ काही सुटत नाही. पिशवी फुगते आणि माझ्या तोंडात येऊन बसते. मग तिच्यामागे दुसरी येते. हात जोडणारा तोवर घरी जाऊन चहा पीत असतो.

अडलेलं पाणी कुठेतरी जाणारच. ते मागे फिरायचं आणि काठावरच्या आवडीच्या घरात शिरायचं. आवडी नवी नवरी होऊन इथे आली तेव्हापासून मी तिला बघतेय, म्हणून एकेरी नाव घेते. गेल्या पावसाळ्यात तिच्या चुलीत पाणी गेलं आणि कणगीतलं भात भिजून त्याला मोड आले. तिचा मुलगा योगेंद्र रसायनीला नोकरीला जातो. तो वैतागला.

"आये, आता बास. यंदा पाणी घरात आलं का आपण कर्जतला खोली घ्यायची."

"तुमी जावा. मी नाय येत."

"मग काय, चुलीपाशी होडी बांधून देऊ तुला?"

आवडी हसली नाही. ज्या घरात सगळा जन्म गेला ते तिला सोडायचं नव्हतं. तिचा सगळा राग बंगलेवाल्यांवर होता. त्यांनीच मोरी तुंबवली, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

उन्हाळा संपत आला तशी तिची सून भाविका एक दिवस लांब काठीला आकडा बांधून माझ्यापाशी उतरली. एकेक पिशवी ओढून काठावर टाकू लागली. आवडी वरून बोलतच होती. "बघ गं, कशी घान करत्यात ती शेरातली लोकं."

भाविकाने एक पिशवी तिच्यापुढे धरली. तोंडाला हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती.

"आई, ही चिंधी कुनाची?"

आवडीने वाकून बघितलं. मग बाजूची पिशवी बघितली. तिलाही तीच चिंधी होती, आणि पलीकडच्या दोन पिशव्यांनाही. शेजारणींच्या पिशव्या होत्या, बंगल्यातल्या बाटल्याही होत्या, पण ती हिरवी गाठ तिची तिलाच ओळखू आली. ती मटकन दगडावर बसली.

"मी तर देवाचंच टाकलं व्हतं गं."

"फुलं देवाची हायत, आई. पिशवी देवाची नाय."

 मग आवडी उठली आणि सुनेच्या हातातली काठी घेऊन स्वतः पिशव्या ओढू लागली. मला तेव्हा इतकं भरून आलं, काय सांगू!

घरामागे जास्वंदीपाशी निर्माल्यासाठी खड्डा झाला. भोवती कुडाच्या काठ्या रोवल्या, म्हणजे फुलांवर कुणाचा पाय पडायला नको. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळू लागल्या, त्या भंगारवाला नेतो. तेलकट भांडी आधी राखेनं पुसायची आणि ती राख खड्ड्यात टाकायची, असा नवा नेम आला. आणि माझ्या कठड्याला तर पहारेकरीणच मिळाली. कुणी पिशवी घेऊन आलं की आवडी अंगणातून हाक मारायची, "गाठ सोड गं बाय, फुलं मला दे, पिशवी घरी ने." काहीजणी रागावल्या. एकीने तर बोलणं टाकलं. पण तिची पिशवीही येईनाशी झाली.

श्रावणात एका दुपारी डोंगरावरून लाल पाण्याचा लोंढा आला. योगेंद्रने रजा काढून कणगीतलं भात पोत्यांत भरलं आणि माळ्यावर चढवलं. आवडी उंबऱ्यात बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. पाणी ओट्याला लागलं. मीही घाबरले होते. एक फांदी माझ्या तोंडात आडवी आली, जरा अडखळली आणि निघून गेली. तिला धरून ठेवायला मागे पिशव्याच नव्हत्या. मी भरभरून वाहिले, घसा फाटेस्तोवर वाहिले, आणि संध्याकाळच्या आत पाणी ओट्यापासून हटलं.

योगेंद्र पोती खाली उतरवू लागला. मग म्हणाला, "आये, चहा टाक. खोलीचं बघू मग कधीतरी." सुटले बाई, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी आवडी ताट घेऊन माझ्यापाशी आली. माझ्या दगडाला हळदकुंकू लावलं. सवयीने ओंजळभर फुलं घेऊन हात पाण्यावर धरला, आणि तिथेच थांबली. फुलंही वाहायची असतात आणि पाणीही वाहायचं असतं. तिने फुलं परत पदरात घेतली.

"ऱ्हाऊ दे बाय," ती मला म्हणाली, "तू निस्ती वाहा."

इतक्या वर्षांत माझी अशी पूजा कुणी केली नव्हती. तुमच्या रस्त्याखालीही माझी एखादी बहीण असेल. तिच्या कठड्याशी थांबून हात जोडा, मला आनंदच आहे. फक्त ते हात रिकामे असू द्या.