लाल टोकाची काडी

मित्रांनो, मी एक जुने नळकांडे आहे. बांबूचे, हातभर उंच, माणसांचे हात फिरून फिरून मधासारखे पिवळे झालेले. माझ्या पोटात बारा काड्या असतात. अकरा कोऱ्या, आणि एकीचे खालचे टोक लाल. वरून पाहाल तर बाराही सारख्या, एका आईच्या लेकींसारख्या.

नदीकाठच्या बनात मी वाढले. मला कापले ते ऐन थंडीत, बांबूतला रस मुळाशी उतरतो तेव्हा. असा बांबू वर्षानुवर्षे किडत नाही, त्याला चीक येत नाही. टोपल्या विणणाऱ्या बाईने मला विस्तवावर शेकले, तेल चोळले. हात चालत तसा तिचा गळाही चाले:

पोकळ माझं पोट गं, वारा गातो गाणं,
भरलं ज्याचं पोट त्याला कुठलं येतं गाणं.

तिथून मी टेकडीवरच्या देवळात गेले, कौल द्यायला. देवळाच्या पायरीशी दगडी कुंड होते. येणारा आधी डावा हात धुवी, मग उजवा, मग चूळ भरी, आणि मगच मला हात लावी. कोणी घाईघाईने तसाच आला, तर पुजारी ओकिनो म्हणत, "देव कुठं पळून नाही चालला. हात धुऊन ये." लग्न ठरवणारे, होडी पाण्यात लोटणारे, परीक्षेला बसणारे, किती ओले हात मी पाहिले!

मग एकदा नगरपालिकेत दोन ठेकेदारांची रक्कम अगदी सारखी निघाली. भांडण मिटेना, म्हणून कोणीतरी मला देवळातून मागून आणले. गेले ते गेलेच. ठेके विभागातल्या लोखंडी कपाटावर माझे बस्तान बसले. नगरपालिका प्रत्येक कामाची एक तळाची किंमत धरते, तिच्याखाली गेलेला बाद. ती कशी काढायची हे सगळ्यांना पाठ. त्यामुळे बरोबरी वरचेवर व्हायची. मग दोघांनी आळीपाळीने काड्या ओढायच्या, लाल येईल त्याचे काम. आणि आमची माणसे इतकी नेमाची, की पहिली पाळी कोणाची हे ठरवायलाही आधी एक कौल! बाहेरगावचे लोक हसत.

विभागातले सेगावा माझी निगा राखत. दर महिन्याला मऊ फडक्याने पुसत, कॅमेलियाच्या बियांचे तेल लावत. इथे फक्त ते कुंड नव्हते.

नदीच्या बांधात एक लोखंडी दरवाजा होता. पूर आला की तो खाली उतरवायचा, म्हणजे पाणी खालच्या आळीत शिरत नाही. त्याची डागडुजी तोकुमारू नावाच्या बड्या ठेकेदाराने केली होती. पुढच्याच वादळात दरवाजा अर्ध्यावर अडकला. खालच्या आळीत माणसे छपरांवर चढली. सेगावांच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून होडीत उतरवावे लागले. तरी शहराच्या आराखड्यात आधी नंबर लागला तो नदीकाठच्या दिव्यांचा आणि फिरायच्या फळ्यांच्या वाटेचा. बैठकीमागून बैठक झाली, खालच्या आळीचे लोक बसून बसून कंटाळले, तेव्हा कुठे नव्या दरवाजाची निविदा निघाली.

आमच्याकडे 'दांगो' म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, काडीला ओवून भाजलेले, वर सोयाचा गोड पाक. हाच शब्द शेवटी जरा लांबवला की अर्थ होतो, आपापसात आधीच ठरवून टाकणे. निविदा निघताच तोकुमारूंनी सगळ्या ठेकेदारांकडे दांगोचे डबे धाडले. सगळ्यांनी खाल्ले. डबा परत आला तो एकाच घरून, खालच्या आळीतल्या इसोबे चिझुरूंच्या. नवऱ्यामागे त्या स्वतः काम चालवत.

"काय हो, गोड चालत नाही का?" तोकुमारूंनी कचेरीच्या दारातच त्यांना गाठले.

"चालतं की. पण दाताला चिकटतं, मग तोंड उघडता येत नाही."

एक डबा ठेके विभागाच्या टेबलावरही आला होता. निविदा उघडायच्या आदल्या संध्याकाळी उपनगराध्यक्ष आले, त्यातली एक काडी उचलून चावू लागले.

"सेगावा, यंदा पाळी तोकुमारूंची आहे."

"साहेब, ते तर उद्या कौल..."

"हो, कौलानंच. आम्ही कुठं नाही म्हणतो? लाल काडीला वर जरा खूण असावी, अंगठ्याला कळेल इतपत." त्यांनी बोटे पुसली. "डोंगरातल्या शाखेला माणूस हवाय. रोज खाली येणं व्हायचं नाही. आई एकटीच असते ना तुमची?"

अशा निरोपाला आमच्याकडे 'आकाशवाणी' म्हणतात. तिला सही नसते, शिक्का नसतो.

साहेब गेले. सेगावा माझ्यापाशी आले. मग लाल काडी वर काढून त्यांनी तिच्या माथ्याला डब्यातल्या पाकाचे बोट लावले. मला तेल लावणारा तोच हात. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते नुसतेच उघडे. ओरडावे तर कसे?

दुसऱ्या दिवशी पाकिटे फुटली. बाकीच्यांनी मुद्दाम चढ्या रकमा लिहिल्या होत्या. तोकुमारू आणि चिझुरू, दोघे तळाच्या किमतीवर. बरोबरी. उपनगराध्यक्ष कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. पाळीचा कौल झाला आणि पहिली पाळी चिझुरूंची निघाली. त्या पुढे आल्या, मला बघून थबकल्या.

"हे देवळातलंच ना? हात धुवायला पाणी कुठाय?"

"इथं देव नाही बाई, टेबल आहे," तोकुमारू म्हणाले.

"मग तर धुवायलाच हवेत."

त्या बाहेर गेल्या. नळाचा आवाज येत राहिला. सेगावांच्या कानामागून घामाचा थेंब कॉलरीत उतरला. त्या परत आल्या, ओल्या बोटांनी एक काडी ओढली. कोरी.

आता तोकुमारू. त्यांचा अंगठा माथ्यांवरून सावकाश फिरला, एका जागी थांबला. त्यांनी ओढले.

काड्या दोन आल्या. रात्रभरात पाक आळून एकीला एक चिकटली होती.

"लाल आली," तोकुमारू म्हणाले.

"दोन आल्या," चिझुरू म्हणाल्या.

"कोरी उगाच लागून आली. ही बघा, सोडवतो." त्यांनी ओढले. काड्या सुटेनात. सुटल्या तेव्हा मधे एक तांबूस तार लांबली. चिझुरूंनी ती बोटावर घेतली, हुंगली.

"सोया आणि साखर. दांगो झाला की हो."

मागे कोणीतरी फिसकन हसले.

"बांबूचा चीक असेल," तोकुमारू म्हणाले. "जुनंपुराणं आहे. फेकून द्यायला हवं होतं कधीच."

सगळे सेगावांकडे पाहू लागले. उपनगराध्यक्षांनी हनुवटी किंचित हलवली, होकाराची. एक शब्द पुरला असता. हो, चीकच. दोष माझ्यावर आला असता, दरवाजाचे काम तोकुमारूंकडे गेले असते, सेगावा खालीच राहिले असते. त्यांनी मला दोन्ही हातांत घेतले.

"हा बांबू थंडीत कापलेला आहे," ते म्हणाले. "याला चीक नसतो. पाक मी लावला."



"का हो, सेगावा?" चिझुरूंनी हळूच विचारले. "तुमची आई तर आमच्याच आळीत."

"आकाशवाणी झाली."

सेगावांनी कोणाकडे बोट केले नाही. पण खोलीतल्या सगळ्या माना कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या.

ती निविदा रद्द झाली. तोकुमारूंना बाहेर ठेवून पुन्हा निघाली, तेव्हाही एका दुसऱ्या ठेकेदाराशी चिझुरूंची बरोबरी झाली. काड्या धुऊन सुकवल्या होत्या, आणि टेबलाशेजारी कोणीतरी पाण्याची बादली ठेवली होती. बऱ्याच कोऱ्या काड्यांनंतर लाल टोक चिझुरूंच्या ओल्या हाती आले. त्या शरदात वादळ घुमत आले. नवा दरवाजा कुरकुर न करता खाली बसला, आणि नदी रात्रभर त्याला धडका देऊन सकाळी परत गेली.

आता कौल संगणक देतो. मी कपाटावर धूळ खाते. पण माझे रडगाणे नाही. माझ्यासारख्या, सगळ्यांच्या मालकीच्या भांड्याला जपायचे म्हणजे नुसते तेल लावून भागत नाही, मित्रांनो. त्याचे पोट पोकळ राहू द्यायचे, आणि आपले हात तेवढे सांभाळायचे.

सेगावांची बदली झालीच, डोंगरात. महिन्यातून एकदा ते आईला भेटायला खाली येतात, आणि जाताना इकडे वळतात, फडके आणि तेलाची बाटली घेऊन. आधी बाहेरच्या नळावर जातात. मी कान देऊन ऐकते. आधी डावा हात, मग उजवा. मग दार उघडते.